रात्री घराबाहेर कोणी जायचं?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं निवडली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तिन्ही वाचताना मला नाशिकच्या जुन्या सीबीएसवरचा, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरचा, एक बाक आठवत राहिला. त्याबद्दल पहिल्याच उत्तरात लिहिते.

प्रश्न : ताई, आम्ही सिडकोत राहतो. घरं जुनी आहेत, मधली भिंत एकच. शेजारी नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री मारहाणीचा आवाज येतो. मागच्या शनिवारी त्याने तिला बाहेर काढून आतून कडी लावली. तासभर ती ओट्यावर बसून होती. माझे मिस्टर म्हणतात, नवरा-बायकोचं भांडण आहे, मध्ये पडलीस तर उद्या तीच आपल्यावर उलटेल. मला झोप लागत नाही. पण आधी तिने स्वतः तक्रार करायला नको का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते. नाही, तिनेच आधी करायला हवी असं कायदा म्हणत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. त्याचं कलम ४ फार कमी लोकांना माहीत आहे. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीच जबाबदारी येत नाही. ‘होण्याची शक्यता’ हे शब्द मी माझ्या मनाचे घालत नाही, कायद्यातच आहेत. म्हणजे डोकं फुटेपर्यंत थांबायची गरज नाही. हे कलम मिस्टरांना वाचून दाखवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. सातांतली एक. ‘तिने आधी तक्रार करावी’ म्हणून आपण थांबलो, तर उरलेल्या सहा जणींसाठी जन्मभर थांबून राहू.

आता बाकाबद्दल. मी समुपदेशक म्हणून काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. सातपूरकडची एक बाई. रात्री अकरा वाजता नवऱ्याने घराबाहेर काढलं, कडेवर दीड वर्षांची मुलगी. माहेर पेठ तालुक्यात, शेवटची एसटी निघून गेलेली. रात्रभर सीबीएसच्या बाकावर बसली आणि सकाळी दहाला आमच्या केंद्रात आली. मी नेहमीप्रमाणे अर्ज भरायला घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ‘अर्जदार घर सोडून आली आहे.’ मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “ते खोडा. मी घर सोडलेलं नाही. मला काढलं.” मी खोडलं. तिला शिक्षण चौथीपर्यंतचं, पण त्या एका शब्दावर पुढे तिची केस उभी राहणार किंवा पडणार हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तेव्हापासून माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक कागदावर मी ते वाक्य तपासते.

तुमच्या शेजारणीला ओट्यावर बसवलं ती एक तासाची गोष्ट म्हणजे ‘भांडण’ नव्हे. कलम १७ प्रमाणे नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर, म्हणजे जिथे राहण्याचा तिला हक्क आहे असं घर, ठरू शकतं. ‘हे माझ्या बापाचं घर आहे, चालती हो’ या वाक्यात आता पूर्वीइतका दम राहिलेला नाही.

दुपारी तो कामावर असेल तेव्हा तिच्याकडे जा. ‘का मारतो गं?’ हे विचारू नका, त्या प्रश्नात तिची उलटतपासणी असते. एवढंच विचारा, “रात्री तसं काही झालं तर मी ११२ला फोन लावू का?” ती हो म्हणेल किंवा गप्प बसेल. भिंतीवर दोनदा थाप, अशी एखादी खूण ठरवून ठेवा. जिवाची भीती वाटली तर खुणेची वाट न बघता फोन करा. तिचं आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात राहू द्या. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथून जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा, म्हणजे बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा रस्ता कळतो. पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून परत पाठवलं तरी खचून जाऊ नका. त्या एनसीची प्रत मागून घ्या, पुढे डीआयआरला, म्हणजे संरक्षण अधिकारी जो घटनेचा अहवाल लिहितात त्याला, ती जोडता येते.

आणि ती तुमच्यावर उलटली तर? उलटू शकते. तिला त्याच घरात रात्र काढायची असते. त्याचा राग धरू नका.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यूझीलंडला गेली. ऑकलंडला असतात. जावई तिथला रेसिडेंट, आयटीत आहे. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. लग्नात बारा तोळे घातले, विमानाचं तिकीटही आम्हीच काढलं. आता तिथे घर घ्यायचं म्हणून पंधरा लाख मागतात. इथे विहीणबाईही फोन करून तेच बोलतात. पोरीचा पगार त्याच्या खात्यात जातो, पासपोर्ट त्याच्या ताब्यात. व्हिसा काढून घेईन, परत पाठवीन, असं म्हणतो. मागच्या महिन्यात त्याने तिचा गळा दाबला, पण खुणा राहिल्या नाहीत म्हणते. सकाळी सहाला मी बागेत जायच्या आधी बोलते, तेव्हा तिच्याकडे दुपारचा दीड असतो, तो ऑफिसात असतो. तिचे वडील म्हणतात, माल निघाला की पैसे पाठवून देऊ, एवढ्यासाठी संसार मोडायचा का. सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला सोसावंच लागतं. तिथे आपलं कोण आहे? सरकार परकं, पोलीस परके.
— एक आई, निफाड तालुका

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही पंधरा लाखांबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि गळ्याबद्दल एक. माझ्या दृष्टीने ती एक ओळ सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गळा दाबल्यावर बाहेरून खूण राहीलच असं नसतं. आत सूज असू शकते, आवाज बसतो, गिळताना दुखतं, कधी त्रास काही दिवसांनी वाढतो. ज्या घरात नवऱ्याने एकदा गळा दाबला आहे तिथे पुढे जिवावर बेतण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, हे या क्षेत्रात काम करणारे जगभर मानतात. न्यूझीलंडने २०१८मध्ये गळा आवळणं हा स्वतंत्र गुन्हाच केला, सात वर्षांपर्यंत कैदेचा. खूण आहे की नाही यावर तो गुन्हा ठरत नाही. उद्या सकाळी सहाला बोलाल तेव्हा पहिलं हेच सांगा : डॉक्टरकडे जा, आणि काय झालं ते डॉक्टरला जसंच्या तसं सांग. ‘पडले’ म्हणू नको.

आता ‘सरकार परकं’ याबद्दल. तुमची भीती मला कळते. म्हणून ते सरकार काय करतं ते थोडं सविस्तर सांगते.

न्यूझीलंडचा कौटुंबिक हिंसाचाराचा सध्याचा कायदा २०१८चा, १ जुलै २०१९पासून लागू. त्यात हिंसेची व्याख्या करताना हुंड्यावरून होणारी हिंसा असा चक्क उल्लेख आहे. लग्नात किंवा लग्नासाठी कोणी कुणाला किती पैसे, वस्तू, मालमत्ता दिली वा मिळाली यावरून होणारा छळ म्हणजे हिंसा, असं त्यांच्या कलम ९मध्ये लिहिलं आहे. ती ओळ वाचून मला वाईटही वाटलं आणि बरंही. वाईट अशासाठी, की आपली ही चाल सामानासोबत समुद्रापार गेली. बरं अशासाठी, की तुमच्या मुलीला तिथल्या पोलिसासमोर ‘हुंडा म्हणजे काय’ हे पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही. पगार ताब्यात घेणं, कागद लपवणं, धाक घालून वागवणं, हेही त्या कायद्यात हिंसेतच मोडतं. (आपल्या २००५च्या कायद्यातही आर्थिक छळ आहे, हे जाता जाता सांगते. आपल्याकडे बायकांना ते सांगायला कोणी जात नाही.)

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी इतकं लिहिते आहे. तिथे पोलीस घरी आले आणि त्यांना धोका वाटला, तर पोलीस जागच्या जागी एक आदेश देऊ शकतात, दहा दिवसांपर्यंतचा. तेवढे दिवस त्याने घर सोडायचं. तिने अर्ज केला पाहिजे असं नाही, तिची संमतीही लागत नाही. म्हणजे ‘तूच माझ्याविरुद्ध गेलीस’ हा आळ तिच्यावर येत नाही, निर्णय पोलिसांचा असतो. त्या दहा दिवसांत ती आपल्याच घरात, आपल्याच अंथरुणात झोपून पुढचा विचार करू शकते. कोर्टाकडून संरक्षण आदेश मागायला वेळ मिळतो, आणि तो आदेश मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आपल्याकडे हा विचार अजिबात नाही असं नाही. कलम १९खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा हुकूम देऊ शकतात. पण तो मॅजिस्ट्रेटनीच द्यायचा. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. तारखा कशा लांबतात ते कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आणि पहिली तारीख तिसऱ्या दिवशी पडली असं धरलं, तरी मधल्या दोन रात्रींचं काय? त्या रात्रींसाठी आपल्या सरकारने सखी केंद्रात तात्पुरता निवारा ठेवला आहे, पाच दिवसांपर्यंत. निवारा हवाच, त्याने जीव वाचतात, मी स्वतः बायकांना तिथे पोचवलं आहे. पण बघा, तिथे तो दहा दिवस बाहेर जातो, इथे ती पाच दिवस बाहेर जाते. मुलांची शाळा बुडते ती तिची, स्वयंपाकघर सुटतं ते तिचं, आणि शेजारीपाजारी म्हणतात ‘घर सोडून गेली’. पोलिसांना त्या रात्रीपुरता असा अधिकार आपल्या कायद्यातही यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्यांच्याकडे याच्याही आधीचा विचार झाला आहे. डिसेंबर २०२१मध्ये न्यूझीलंड सरकारने ‘ते आओरेरेकुरा’ या माओरी नावाचं राष्ट्रीय धोरण आणलं, कौटुंबिक आणि लैंगिक हिंसा संपवण्यासाठी, पंचवीस वर्षांचं. म्हणजे त्या वर्षी जन्मलेलं मूल लग्नाच्या वयाला येईपर्यंत. एकट्या महिला खात्याचं ते काम नाही, पोलीस, न्याय, आरोग्य, शिक्षण अशी वेगवेगळी खाती त्यात बांधलेली आहेत, आणि हिंसा होण्याआधीच ती थांबवण्यावर खर्च वाढवायचा असं त्यात लिहून ठेवलं आहे. एप्रिल २०१९पासून तिथे हिंसा सोसणाऱ्या नोकरदाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजाही मिळते. मुलगी नोकरी करते ना? सहा महिने पूर्ण झाले असतील तर तिला ही रजा मागता येते. धोरण आलं म्हणून तिथली मारहाण थांबली, असं मी म्हणणार नाही. थांबलेली नाही. पण परकं सरकार तिच्या बाजूने एवढं लिहून बसलं आहे, तर ते तिच्या हातात पोचलं पाहिजे, आणि ते पोचवणारी आज तुम्हीच आहात.

तिच्याकडून दोन नंबर पाठ करून घ्या, मोबाइलमध्ये साठवू नका. विमेन्स रेफ्यूज, मार सोसणाऱ्या बायकांना आसरा देणारी तिथली संस्था : ०८०० ७३३ ८४३. शक्ती : ०८०० ७४२ ५८४. शक्ती ही आशियाई आणि स्थलांतरित बायकांसाठी काम करणारी तिथलीच संस्था आहे, १९९५पासूनची. तातडीच्या वेळी पोलीस १११, आणि बोलता येत नसेल तर मोबाइलवरून १११ लावून ५५ दाबायचं. व्हिसाचं म्हणाल तर रेसिडेंट किंवा नागरिक असलेल्या जोडीदाराच्या हिंसेमुळे संसार मोडला, तर तिथे राहण्या-काम करण्यासाठी वेगळी व्हिसाची सोय आहे. ‘परत पाठवीन’ हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. त्याचे नियम बारीक आहेत, म्हणून वरच्या संस्थांकडूनच सल्ला घ्यावा. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचे फोटो तुमच्या घरात असतील, लग्नानंतर व्हिसासाठी काढलेल्या झेरॉक्स शोधा. ऑकलंडला आता भारताचा कॉन्सुलेट आहे, पासपोर्टसाठी तिथे जाता येतं.

पंधरा लाख पाठवू नका. तिच्या वडिलांना हे माझ्या वतीने सांगा : माल निघाल्यावर पैसे गेले, तर पुढच्या छाटणीला दुसरी मागणी येईल. इतक्या वर्षांत पैसे पोचल्यावर मार थांबलेलं एकही घर मी पाहिलेलं नाही. विहीणबाईंचे फोन आले की तारीख, वेळ, काय बोलल्या ते वहीत लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका. हुंडा मागणं हा १९६१पासून आपल्याकडे गुन्हा आहे, आणि मागणी निफाडात बसून झाली तर तिची दाद निफाडातच मागता येते. पण ती पावलं मुलगी सुरक्षित झाल्यावर. तोवर विहीणबाईंना आणि जावयाला काहीही कळू देऊ नका, ‘जावईबापूंना समजावून बघतो’ असं म्हणणाऱ्या मामा-काकांना तर अजिबात नाही. बाई निघायच्या बेतात आहे हे कळतं, त्या दिवसांत धोका सगळ्यात जास्त असतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एकदा शांतपणे विचारा, त्यांनी काय काय सोसलं. कदाचित त्यांना कोणी कधी विचारलंच नसेल.

मला पुढच्या आठवड्यात कळवा. छापण्यासाठी नाही, मला कळावं म्हणून.

प्रश्न : माझं वय २८. अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. लग्नाला चौदा महिने झाले. लहानपणी बाबा आईला मारायचे, मी कॉटखाली लपायचो. मी कधीच हात उचलणार नाही असं ठरवलं होतं. गेल्या महिन्यात उचलला. दोनदा. दुसऱ्यांदा ती भिंतीवर आपटली. ती आता माझ्याशी नीट बोलते, हसते, पण मी अचानक उठलो की दचकते. मी बाबांसारखा होणार का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा धाकटा भाचा तुझ्या वयाचा आहे.

दोनदा हात उचललास म्हणजे सुरुवात झाली आहे, ‘होणार का’ हा प्रश्न मागे पडला. हे ऐकायला जड आहे, पण त्या घरातलं मूल तू स्वतः होतास, म्हणून तुला खोटा धीर देणार नाही. तुझ्यापुढे आता एवढंच आहे की तिसऱ्यांदा हात उठू द्यायचा नाही.

पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणारे पुरुष ४४ टक्के होते आणि बायका ४५ टक्के. तू त्यांच्यात नाहीस, तुला ते चूक वाटतं. पण चूक वाटणं पुरत नाही, तुझ्या वडिलांनाही कदाचित सकाळी चूक वाटत असेल. ती नीट बोलते, हसते, ती तुझी मर्जी सांभाळते आहे. तुझी आई सांभाळायची तशी. आठव.

न्यूझीलंडबद्दल वर लिहिलं, तिथे संरक्षण आदेश निघाला की त्या पुरुषाला हिंसा सोडण्याच्या कार्यक्रमाला जाणं कोर्ट साधारणपणे बंधनकारक करतं. आपल्या कायद्यात कलम १४खाली मॅजिस्ट्रेट समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, पण मारणाऱ्याला बदलण्यासाठी सरकारी पातळीवर अशी बांधीव सोय नाशकात मी इतक्या वर्षांत पाहिली नाही. मला त्याची खंत आहे, कारण तुझ्यासारखी पत्रं येतात आणि मला हाताला धरून पाठवता येईल असं दार सापडत नाही. तरी दोन जागा आहेत. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि मुंबईची ‘मावा’ ही संस्था १९९३पासून पुरुषांबरोबर याच विषयावर काम करते, त्यांना लिही. दोन्हीकडे ‘टेन्शन आहे’ असं सांगू नकोस, ‘मी बायकोला दोनदा मारलं’ असं सांग. दारू पित असशील तर तेही सांग. पण दारूवर ढकलू नकोस, तू कंपनीतल्या साहेबावर पिऊन हात उचलत नाहीस.

तिची माफी मागून विषय संपवू नकोस. माफी द्यायची की नाही, माहेरी जायचं, तक्रार करायची, हे तिचं तिला ठरवू दे आणि ती जे ठरवेल त्यात आडवा येऊ नकोस. तिचा पगार असेल तो तिच्या खात्यात, तिच्या फोनचा पासवर्ड तिचा तिच्याकडेच, घराची एक किल्ली कायम तिच्याकडे.

आणि आजच एक कर. राग चढतो तेव्हा तुला कळतं. कान तापतात, आवाज चढतो, जे काही होत असेल ते. ते जाणवलं की घराबाहेर तू जायचंस. दार आपटून नाही, ‘मी निघतो, सकाळी येतो’ एवढं सांगून. एक पिशवी आजच भरून दाराशी ठेव, दोन कपडे, चार्जर. नाशिकरोडला किंवा जवळपास कुणी आत्या, मित्र असेल तर त्याला आधी सगळं खरं सांगून ठेव, म्हणजे रात्री बाराला तू गेलास की तो दार उघडेल. आणि त्याचा नंबर तुझ्या बायकोला दे.